‘लिरिका’ कोण वाचतं?

हामादाच्या बंदराकडून वर येणाऱ्या चढावर योरिकोचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, केस वाळवायचं एक उभं यंत्र आणि खिडकीत कोरफडीच्या कुंड्या, एवढाच पसारा. पण त्या चढावर तिचा लौकिक असा, की तिच्याकडे आलेली बाई रुसून गेली असं कधी झालं नाही.

आता केस कापणारीवर बाई रुसते कशाने? केस बिघडले म्हणून फार थोड्या रुसतात. केस काय, वाढतात. बाई रुसते ती मासिकावरून.

खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड बांधलं की समोरच्या फळीवर तीन मासिकं ठेवायची, ही सगळ्याच दुकानांची रीत. ती तीन कोणती, हे बाईकडे एकदा बघून आपण ठरवायचं. विचारायचं नाही. म्हणजे तिच्या तोंडावर तिचं वय सांगितल्यासारखंच ते. योरिको हिरोशिमात शिकत होती तेव्हा तिच्याबरोबरच्या मुलीने पन्नाशीही न गाठलेल्या एका बाईंपुढे गुडघेदुखीचे व्यायाम सांगणारं मासिक ठेवलं होतं. बाईंनी त्याला हात लावला नाही, एक शब्द बोलल्या नाहीत, जाताना गोड हसून वाकल्या, आणि पुन्हा त्या गल्लीतून गेल्या नाहीत. योरिकोने तेव्हाच कानाला खडा लावला. तिच्याकडे वरचं मासिक नेहमी बाईच्या दिसण्याहून चार-पाच वर्षं लहान, मधलं स्वयंपाकाचं, आणि सगळ्यात खाली नटनट्यांच्या भानगडींचं साप्ताहिक. वाचतात सगळ्या तिसरं. पण वरच्याकडे बघून जिची तिची मान जरा ताठ होते, आणि मग केस कापायला सोपं जातं.

या मासिकांत एक मात्र कधीच कुणाच्या पुढे जात नसे. ते ‘लिरिका’. बारा ते पंधराच्या मुलींचं. दर महिन्याच्या सुरुवातीला पुस्तकवाले इशिमोरी स्कूटरवरून गठ्ठा घेऊन यायचे, त्यात हे सुतळीने आडवंउभं बांधलेलं आणि पोट फुगलेलं असायचं, कारण आत मुलींसाठी भेट कोंबलेली. कधी आरसा, कधी पिशवी, कधी रंगीत मोजे. योरिकोच्या दुकानात त्या वयाची मुलगी वर्षात एखादीही येत नसे. त्या वयाच्या मुली स्टेशनजवळच्या चकचकीत दुकानात जातात. इथे येणाऱ्या बहुतेकींचे केस पांढरे.

“बाई, हे बंद करू का?” इशिमोरी एकदा म्हणाले. केस कापणारीला सगळं गाव बाईच म्हणतं, शाळेतल्या बाईंसारखं. “मी गावात दोनच आणतो. एक दातांच्या दवाखान्यात आणि एक तुमच्याकडे. त्यांच्याकडे निदान फाटतं तरी. तुमचं आपलं वर्षभर कोरंच्या कोरं.”

“असू दे हो. एखादी आली तर?”

“कोण येणार आहे? सगळ्या वर्गाची मुलं एका गाडीत मावतात हल्ली.”

“मी आहे ना,” यंत्राखालून काजितानी काकू ओरडल्या. यंत्राखाली बसलं की त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्या ओरडतात. त्यांच्या घरी मासे वाळवायचा धंदा. दर शनिवारी त्या केस सेट करायला येतात आणि त्यांच्यामागोमाग खारवलेल्या माशांचा वास. “साठीवर पंधरा वर्षं झाली मला. त्यातली वरची पंधराच धरायची. आण तू, मी वाचते.”

इशिमोरी हसत गेले. काकूंना सगळं माहीत होतं. म्हणूनच त्या बोलल्या. सगळ्या चढालाच माहीत होतं, पण समोर कुणी विषय काढत नसे.

योरिको मासुदाच्या कुसाकांची सून होती. सोया सॉसचा जुना कारखाना, लाल कौलांचं ऐसपैस घर, आणि त्यात बोलणारं माणूस एकच, सासूबाई. नवरा वाईट नव्हता. पण त्याचं मत काय ते कधी कळलंच नाही, बहुधा त्यालाही नसावं. योरिकोला कात्री सोडवत नव्हती आणि सासूबाईंना सून दुकानाच्या गल्ल्यावर हवी होती. धुसफूस चालू राहिली, योरिकोची झोप गेली, अन्न जाईना. चार महिने माहेरी विश्रांती घे म्हणून तिला हामादाला पाठवलं, आणि विश्रांती संपायच्या आत तिच्या संसाराचा निकाल लागला. घटस्फोट झाला की इथल्या कायद्याने मूल एकाचंच, आईचं नाहीतर बापाचं. कुसाकांना एकच नात, घराचं नाव पुढे चालवायला एकच. नोनोका तिकडे राहिली. ती तेव्हा चार वर्षांची होती.

सुरुवातीला महिन्यातून एकदा भेट होती. पण परत गेल्यावर पोरगी दोन-दोन दिवस जेवायची नाही, रात्री उठून दारात जाऊन बसायची. सासूबाईंनी फोन करून सांगितलं, थोडे दिवस राहू दे. योरिकोला ते पटलं. लेकराने उपाशी राहावं असं कुठल्या आईला वाटेल? त्या थोड्या दिवसांना नऊ वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी तिने इशिमोरींकडून बालवाडीच्या पोरांचं, कागदी खेळणी कापून बनवायचं मासिक लावलं. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तशी ते बंद केलं आणि मोठ्या अक्षरांचं दुसरं घेतलं. मग प्राथमिक शाळेतल्या मुलींच्या फॅशनचं. आणि बारावं लागल्यावर ‘लिरिका’. पोर केवढी झाली असेल हे मोजायला तिच्याकडे दुसरी फूटपट्टी नव्हती. दुकानात कुणी नसलं की ती सुतळी अलगद सोडवून बसायची. त्यात मॉडेल मुलींच्या नावाखाली त्यांची उंची, बुटाचं माप आणि आवडीचा भाताचा गोळा कोणता हे छापलेलं असायचं. यंदा मुलींना कपाळावरचे केस विरळ हवे असतात, त्यांतून कपाळ दिसलं पाहिजे. दप्तराला लोकरी अस्वल लावायचं ते डावीकडे. मैत्रीण रुसली तर पहिला निरोप कुणी पाठवायचा, यावर दोन पानं. ऑगस्टच्या घामट दुपारी ती पानं लोकरी कोटांनी भरलेली असायची. योरिको ते सगळं परीक्षेला बसल्यासारखं वाचायची. वाचून पुन्हा सुतळी बांधायची, पहिल्या गाठीवरच. आतल्या भेटींना मात्र तिने कधी हात लावला नाही.

मे महिन्यात फोन आला.

“मी मासुदाहून बोलतेय.” नऊ वर्षांनी आवाज जरा खरखरीत झाला होता, पण ठेवण तीच. “मनगट मोडलंय माझं. कोठीच्या पायरीवरून पडले.”

“अगंबाई. फार लागलं का?”

“लागलं ते लागलं. नोनोकाचे केस मीच कापत होते आजवर. शाळेत तपासणी आहे, कपाळावरचे भुवईखाली आलेले चालत नाहीत. इथल्या दुकानात जा म्हटलं, तर म्हणते हामादाला जाते.” सासूबाईंनी लगेच पुढे सांगितलं. “मी पाठवत नाहीये, योरिको. ती म्हणाली. तुला आधी माहीत असावं म्हणून फोन केला.”

“हो.”

“गिऱ्हाईक म्हणून येईल. देणंघेणं नको, रडणं नको. ती पहिल्यासारखी जेवण सोडून बसली तर या हाताने मला काही करता यायचं नाही.”

“नाही. तसं काही होऊ देणार नाही मी.”

“तिला बरं वाटलं तर येत जाईल. नाही वाटलं तर काय, केस कुणीही कापतं.”

फोन ठेवला तेव्हा योरिकोच्या लक्षात आलं की आपण मघापासून उभ्याने वाकून बोलत होतो, जणू समोर माणूस आहे.

म्हणजे एक शनिवार मिळाला होता, जेमतेम तासाभराचा. त्या तासात मुलीला बरं वाटलं तर पुढचा मिळणार.

तिने काजितानी काकूंना विचारलं, “या शनिवारी तुम्ही दुपारी आलात तर चालेल का?”

“का गं?”

“एक गिऱ्हाईक आहे सकाळी.”

“मग मी काय आहे, कोळंबी?” काकूंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम आवाज खाली आणला. “येतेय?”

योरिकोने मान हलवली.

“मग तर मी सकाळीच येणार. तुझे हात कापायला लागले तर कुणीतरी नको का दुकानात? मी आपली यंत्राखाली बसते. तिथे मला काही ऐकू येत नाही, ठाऊक आहे ना तुला.”

शनिवारी योरिकोने ‘लिरिका’ची सुतळी कात्रीने कापली. मागचे दोन अंक काढून त्याखाली नीट रचले. कडा जुळवल्या. कुणाच्याही पुढे मासिक ठेवताना तिला दोन क्षण पुरायचे. त्या दिवशी ती फळीपुढे बराच वेळ उभी होती.

मुलगी आली ती शाळेच्या खेळाच्या कपड्यांत, छातीवर ‘कुसाका’ शिवलेलं. मासिकातल्या मुलींच्या उंचीवरून योरिकोने जो अंदाज बांधला होता त्याहून ती बोटभर उंचच होती. केस कानांखाली सरळ रेषेत कापलेले, कपाळावरचे पापण्यांवर येऊन टेकलेले. डाव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी. दारात उभी राहून ती नीट वाकली.

“कुसाका. साडेदहाची वेळ घेतली होती.”

“या. बसा.”

तेरा वर्षांच्या पोरीला कुणी या, बसा म्हणत नाही. पण ‘ये’ म्हणायला जीभ उचलेना, आणि एकदा ‘या’ म्हटल्यावर ते बदलायला जागा राहिली नाही.

कापड बांधलं. मासिकं पुढे होती. नोनोकाने ‘लिरिका’चं मुखपृष्ठ बघितलं, एखाद्याने आपल्या घरच्या लग्नाचा अल्बम पुढे केल्यावर आपण बघतो तसं, आदराने आणि थोडंसंच. मग तिची नजर शेजारच्या फळीकडे गेली. तिथे यंत्राखाली बसलेल्या काकूंसाठी ठेवलेल्या तीनांतलं मधलं मासिक होतं.

“ते घेऊ का? काकू वाचत नसतील तर.”

“घ्या की.”

तिने ते स्वयंपाकाचं मासिक मांडीवर घेतलं आणि मागून सुरुवात केली. मासिक रोजच्या वापरातलं असलं की माणूस असंच उघडतं, थेट हव्या त्या पानावर. बांगड्याच्या पानावर ती थांबली.

योरिको मागे केस ओले करत होती. बोलायला हवं होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं असतंच. तिने नऊ वर्षं कितीतरी विषय तयार ठेवले होते, पण त्यांतला एकही या मांडीवरच्या पानाजवळ जाणारा नव्हता.

“बांगडा आवडतो?”

“बाबांना आवडतो. पण मिसोच्या रश्शात शिजवला की वास राहतो. आजी म्हणते आल्याने जातो. मी खूप आलं घातलं, नाही गेला.”

“शिजवायच्या आधी त्यावर उकळतं पाणी ओतायचं. कातडी पांढरी पडली की लगेच गार पाण्यात धुवायचा. मग घालायचा मिसोत.”

“उकळतं? फाटत नाही?”

“वर एक फडकं पसरायचं आणि फडक्यावर ओतायचं.”

नोनोकाने मनातल्या मनात ते एकदा करून बघितलं असावं, कारण चिकटपट्टीचं बोट जरासं हललं. “हं,” ती म्हणाली. “असं होईल.”

“घरी तुम्हीच करता?”

“आजी पडल्यापासून. थोडं आधीपासूनही. बाबांचा डबा पाचवीत असल्यापासून मीच करते.” तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसं.

पाचवीत असताना. त्या वर्षी इथे फॅशनचं मासिक येत होतं, आणि योरिको इथे बसून फुलाफुलांच्या मोज्यांचं पान बघत होती. ती पायरी पायरीने चढत राहिली आणि पोर मात्र मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, केव्हाच पुढे निघून गेली होती.

“‘लिरिका’ नाही वाचत?” न राहवून तिने विचारलं.

“वर्गातल्या मुली वाचतात. मला दाखवतात. छान असतं.” मग आरशातून दुकानाकडे, त्या दोन खुर्च्यांकडे, कोरफडीकडे नजर फिरवून तिने सरळ विचारलं, “इथे कोण वाचतं हे?”

योरिकोचा कंगवा केसांत अडकला. काही बोलायचं तर ते देणंघेणंच झालं असतं, नाहीतर रडणं.

“मी वाचते,” यंत्राखालून काकू ओरडल्या, जिथे त्यांना काही ऐकू येत नव्हतं. “भर उन्हाळ्यात पोरी लोकरी कोट घालून उभ्या असतात. बघितलं तरी गार वाटतं. पंख्यापेक्षा स्वस्त.”

नोनोका हसली. पटकन तोंडावर हात नेला, आणि हाताला अडकून सगळं कापडच वर आलं, म्हणून पुन्हा हसली. योरिकोही हसली. तेवढा वेळ आरशात तिघी हसत होत्या.

माथ्यावर केस दुभंगले तसे दोन भोवरे दिसले, एकमेकांना पाठ करून बसलेले. योरिकोच्या बोटांना ते ठाऊकच होते.

“आजी म्हणते, दोन भोवरे म्हणजे हट्टी,” नोनोका म्हणाली. “खरं असतं का ते?”

“कापणारीला त्रास होतो एवढं खरं.”

मागचे झाले, कानांवरचे झाले. आजीने बरे कापले होते. एका रेषेत, जपून. योरिको समोर आली.

“कपाळावरचे किती ठेवू?”

“आखूड करा. खूप दिवस कापायला लागू नयेत इतके.”

कात्री जिथे होती तिथेच राहिली. मुलीने डोळे मिटून घेतले होते, केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. पापण्यांवर ओले केस चिकटले होते.

योरिकोला केसांचं सगळं कळत होतं. भुवईला टेकवून ठेवले तर जून संपायच्या आत ते डोळ्यांत टोचणार, शाळेत बोलणी बसणार, आणि मग यावंच लागणार. कपाळाच्या मध्यावर आणले तर ऑगस्टमधली उन्हाळ्याची सुट्टी निघून जाईल, शरदही निम्मा. यात कुणी तिला दोष दिला नसता. ‘लिरिका’तसुद्धा भुवईपर्यंतच सांगतात. तिने दोन बोटांत केस धरले आणि भुवईला टेकवून कापले. विरळ, त्यांतून कपाळ दिसेल असे. मग वाळवले.

नोनोकाने डोळे उघडून आरशात बघितलं. डावीकडे मान, उजवीकडे मान.

“अजून थोडे,” ती म्हणाली.

“असे शोभतात तुम्हाला.”

“शोभतात. पण अजून थोडे. सारखं यायला जमायचं नाही मला. शनिवारी सराव असतो, आज मी सांगून आले. आणि परतीची गाडी चुकली की दुपारपर्यंत नसते. आजीला एका हाताने काही होत नाही.”

“मध्येच कुणी नुसतं कपाळावरचे कापायला आलं, तर मी वेळ घ्यायला लावत नाही. असंच यायचं. पाच मिनिटांचं काम. सगळ्यांनाच सांगते मी.”

“आजी म्हणाली होती.”

“काय?”

“तुम्ही असं म्हणाल म्हणून.”

ती चिडून बोलली नव्हती. उलट सांगावं की नको अशा विचारात, चिकटपट्टीचं टोक नखाने उचलत बोलली होती. काकूंच्या डोक्यावरचं यंत्र घरघरत होतं. नोनोकाने पुन्हा डोळे मिटले.

“कापा ना,” ती हळू म्हणाली.

योरिकोने कापले. या वेळी तिने मनाने काही राखलं नाही. कपाळाच्या मध्यापर्यंत, सरळ, दोन्ही भोवऱ्यांचा ओढा धरून, वाळल्यावर कुठे उभे राहू नयेत असे. एकेक बट खाली पडली तसं रुंद, गोल कपाळ मोकळं होत गेलं. ते तिने शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या तळहातात मावत होतं.

“झालं.”

“छान झालंय,” नोनोका आरशाला म्हणाली. मग आरशातल्या योरिकोला म्हणाली, “बांगड्याचं आजच करून बघते.” आणि स्वयंपाकाचं मासिक तिने जिथून घेतलं होतं तिथे, त्याच कोनात, ठेवून दिलं.

गिऱ्हाईक निघालं की दुकानाबाहेर येऊन उभं राहायचं, आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाकून राहायचं. मुद्दाम असं काही नाही, सगळेच करतात. बहुतेक बाया कोपऱ्यावर पोचल्या की एकदा मागे वळून परत वाकतात, आणि मग दिसेनाशा होतात. काही घाईत असतात, त्या वळत नाहीत.

“आभारी आहे, बाई,” नोनोका म्हणाली आणि उतारावरून निघाली. पाठीवर खेळाची पिशवी, मानेवर नुकत्याच कापलेल्या केसांची रेघ.

योरिको वाकली. इतर दिवशी तिला पावलांवरून बरोबर कळायचं, आता कोपरा आला, आता मान वर करायची. त्या दिवशीही कळलं. पावलं कोपऱ्याशी मंदावली. उतार संपतो तिथे ती सगळ्यांचीच मंदावतात. योरिकोने मान वर केली नाही. वर केली असती आणि समोर नुसती पाठ असती, तर ती पाठ पुढे किती महिने बघत बसावी लागली असती. ती आपल्या चपलांच्या टोकांकडे बघत राहिली, पावलं ऐकू येईनाशी झाली तरी राहिली. मग कंबर दुखायला लागली, तेव्हा उभी राहिली. रस्ता रिकामा होता. खाली लाल कौलं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र.

आत आली तेव्हा काजितानी काकू यंत्राखाली नव्हत्या. डोक्याला रोलर तसेच, गळ्यात कापड तसंच, आणि त्या खिडकीत कोरफडीच्या मागे काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांनी वळून तोंड उघडलं.

“काकू, बसा,” योरिको म्हणाली. “अजून वाळायचेत.”

“अगं, पण ऐक तर—”

“बसा.”

काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसल्या. योरिकोने केरसुणी घेतली.